मेगापिक्सेल राहू द्या, सेल कोणते?

गेल्या वीकांताला माळा आवरला. म्हणजे बायकोने आवरायला लावला. ताईची मुलगी सुट्टीत नागपूरहून आमच्याकडे पुण्याला आली आहे, अकरावीत जाईल आता. तिला खोक्यात माझे दोन जुने डिजिटल कॅमेरे सापडले. मी ते भंगारात टाकायच्या बेतात होतो, तर ही म्हणते, "मामा, वेडा आहेस का? कॉलेजात सगळे हेच शोधताहेत!" हल्लीच्या पोरांना फोनचे गुळगुळीत फोटो नकोसे झालेत म्हणे, त्यांना आमच्या काळातले फ्लॅश मारलेले, पांढरेफटक चेहऱ्यांचे फोटो हवेत. आम्ही ज्याला खराब फोटो म्हणायचो त्याला आता फॅशन म्हणतात. असो.

तर दोन कॅमेरे. पहिला बारीक, चकचकीत, शर्टाच्या खिशात मावणारा. ऑनसाईटहून येताना हौसेने आणलेला. त्यात कंपनीची स्वतःची चपटी लिथियम बॅटरी. ती काढायला गेलो तर निघेना, कारण फुगून कप्प्यात घट्ट बसलेली. कशीबशी काढली. ओरिजिनल बॅटरी आता मिळत नाही. 'तसलीच' म्हणून जी मिळते ती कोणी, कधी, कशाची बनवली हे देव जाणे.

दुसरा कॅमेरा जाडा, ओबडधोबड, साबणाच्या मोठ्या वडीसारखा. २००७ साली पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात. भाचीने माझ्या वायरलेस कीबोर्डमधले दोन सेल काढले, त्यात घातले, बटण दाबलं. घर्र आवाज करत लेन्स बाहेर आली. 'तारीख आणि वेळ सेट करा.' सतरा-अठरा वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र दोन सेकंदांत जागं झालं.

एक जीबीचं कार्डही आतच होतं. ती फोटो बघत बसली. तिच्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो. कोंढा, मे २००८. हळद, मांडव, वरात, पंगत. आणि मग एकदम काहीच नाही.

"मामा, पंगतीनंतर फोटो थांबले का रे?"

हा प्रश्न मला सतरा-अठरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी स्वतःला मात्र बऱ्याचदा विचारला आहे. आजचा लेख त्याच्या उत्तराचा आहे.

कोंढा म्हणजे आमचं गाव. भंडाऱ्याहून पवनीला जाणारी एसटी पकडायची, पहेला जातं, अड्याळ जातं, मग कोंढा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. पवनी म्हणजे वैनगंगेकाठचं जुनं शहर, तिथं उत्खननात बौद्ध स्तूप सापडलेत, जवळच गोसेखुर्दचं धरण. पुण्याच्या मित्रांना यातलं काहीच माहीत नसतं. "विदर्भ म्हणजे नागपूर ना?" हो, नागपूरच्याही पुढे.

मोठेबाबांच्या मुलीचं, म्हणजे आमच्या ताईचं लग्न. मी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. ती गाडी कोल्हापूरहून निघून गोंदियाला जाते, पुण्यात बसलं की भंडारा रोडला, म्हणजे वरठीला, उतरायचं. मध्ये एक आख्खा दिवस जातो. सोबत नवा कॅमेरा, आणि फार विचार करून घेतलेले चार चार्जेबल सेल. २५०० एमएएचचे! दुकानात २१०० चेही होते, पण आकडा मोठा तर वस्तू चांगली, एवढं आपल्याला कळतं. मेगापिक्सेल मोठे घेतले, सेलचा आकडा मोठा घेतला. इंजिनियर माणूस, अजून काय पाहिजे?

सेल मी लग्नाच्या तीन आठवडे आधीच पूर्ण चार्ज करून ठेवले होते. ऑफिसात रिलीज होती, नंतर वेळ मिळणार नाही म्हणून शहाणपणा केला. आणि चार्जर सोबत नेला नाही, कारण त्या वर्षी आमच्या गावाकडे लाईट किती तास असायची हे विचारू नका. भारनियमन हा शब्द तेव्हा पंचांगासारखा वापरला जायचा. आज किती ते किती, उद्या किती ते किती. चार्जर नेऊन लावायचा कुठे?

हळदीच्या दिवशी पहिली जोडी संपली. चाळीस-पन्नास फोटोंत. दुसरी जोडी लग्नाच्या दिवशी दुपारी वरातीत गेली. मला कळेना. तीनशे फोटो निघायला हवे होते.

धावत बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. "काका, बॅटरी आहे का?"

दुकानदाराने टॉर्च काढून समोर ठेवला. बरोबरच आहे. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. जे मला हवं होतं त्याला सेल म्हणतात, आणि ते रेडिओचे का घड्याळाचे एवढंच विचारतात. चार पेन्सिल सेल घेतले, साधे, झिंक-कार्बनचे. त्या दिवशी त्याच्याकडे तेच होते.

त्या चार सेलमध्ये नऊ फोटो निघाले. पहिल्या जोडीत सहा, दुसरीत तीन. शेवटचा पंगतीचा, हललेला.

संध्याकाळी वरात परत गेली. लग्नाचा फोटोग्राफर व्हिडिओवाल्यासोबत निघून गेला होता. जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात एका बाजेवर आबाजी बसले होते. वय चौऱ्याऐंशी. पांढरं धोतर, इस्त्रीचा कोट, डोक्यावर टोपी. नातीच्या लग्नासाठी घातलेला कोट अजून अंगावरच होता. मला बोलावून म्हणाले, "काहून गा, माहा नाही काढत का फोटो? साऱ्यायचे काढले."

मी समोर गुडघ्यावर बसलो. बटण दाबलं. लेन्स अर्धी बाहेर आली आणि अडकली. पडद्यावर 'बॅटरी बदला'. बंद केला, सेल काढून तळहातावर चोळले, उलटसुलट करून पुन्हा घातले. पुन्हा तेच. आबाजी सरळ ताठ बसलेले, श्वास रोखून, जुन्या स्टुडिओत बसतात तसे. पाच मिनिटं तरी बसले असतील.

मग म्हणाले, "राहू दे बाप्पा. दिवाळीले काढजो."

दिवाळीच्या आधी, भाद्रपदात ते गेले. भिंतीवर जो फोटो आहे तो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात त्यांचा चेहरा आहे असं आम्हीच एकमेकांना सांगतो.

तर हे झालं उत्तर. आता त्या दिवशी नेमकं काय बिघडलं ते सांगतो, कारण बिघडलं होतं ते कॅमेऱ्यात नव्हतं, सेलमध्येही नव्हतं. माझ्या डोक्यात होतं.

पहिली गोष्ट, माझे २५०० वाले सेल. ते निकेल मेटल हायड्राइडचे होते, आणि त्या जातीच्या जुन्या सेलना एक खोड असते. नुसते ठेवले तरी ते गळतात. चार्ज केल्यावर पहिल्याच दिवसात पाच ते वीस टक्के, आणि पुढे महिन्याला वीस-तीस टक्के. हे साध्या खोलीच्या तापमानाला. उन्हाळ्यात अजून जास्त. मोठ्या आकड्याचे सेल तर या बाबतीत अधिकच नाजूक असायचे. मी तीन आठवडे पुण्याच्या उकाड्यात, मग एक दिवस रेल्वेच्या डब्यात आणि मग पंचेचाळीस अंशांच्या विदर्भात ते फिरवले. मी २५०० एमएएच घेऊन निघालो आणि कोंढ्याला त्याचा उरलासुरला गाळ घेऊन पोचलो.

यावरचा इलाज तेव्हा बाजारात आलेलाही होता. जपानच्या सान्यो कंपनीने २००५ च्या शेवटी एनेलूप नावाचे सेल काढले. आकडा लहान, २००० च. पण चार्ज करून वर्षभर ठेवले तरी ८५ टक्के शिल्लक, असा कंपनीचा दावा होता आणि तो लोकांना अनुभवाने पटला. पुढे सान्यो पॅनासॉनिकमध्ये गेली, नाव तेच राहिलं. आता अशा कमी गळणाऱ्या सेलचे बरेच ब्रँड आहेत. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं, तीच त्यांची खूण. सेल गळत नाही म्हणूनच तर कारखान्यात चार्ज करून दुकानात पाठवता येतो ना!

म्हणजे २००० चा सेल २५०० च्या सेलपेक्षा सरस. का, तर प्रश्न सेलमध्ये किती मावतं हा नाही, मला लागेल त्या दिवशी किती उरलेलं असतं हा आहे. हे वाक्य बँकेतल्या पैशांनाही लागू पडतं, पण तो विषय वेगळा.

दुसरी गोष्ट, दुकानातले साधे सेल. ते खराब नव्हते. गंमत बघा, मी वैतागून फेकलेले ते चारही सेल मोठेबाबांनी उचलले, त्यातले दोन रेडिओत घातले आणि पुढचा महिनाभर त्यावर आकाशवाणी नागपूरच्या बातम्या ऐकल्या. उरलेल्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात कित्येक महिने चालला. माझ्यासाठी 'मेलेला' सेल घड्याळासाठी चांगला धडधाकट होता.

कारण असं. टाकीत पाणी आहे, पण तोटी बारीक आहे. घड्याळाला थेंब-थेंब लागतो, तो येतो. कॅमेऱ्याला लेन्स हलवायची, पडदा उजळायचा, फ्लॅश भरायचा, म्हणून एकदम बादलीभर हवं असतं. तशी ओढ लागली की सेलच्या आतला विरोध आडवा येतो आणि व्होल्टेज धाडकन खाली बसतं. कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. तो बिचारा खोटं बोलत नसतो, त्याच्यापुरते ते संपलेलेच असतात.

झिंक-कार्बनची तोटी सगळ्यात बारीक. अल्कलाइनची त्याहून बरी, पण तिथंही कॅमेऱ्याच्या ओढीला सेलमधली निम्मी ताकदसुद्धा हाती लागत नाही. शिवाय अल्कलाइन दीड व्होल्टला सुरू होतो आणि पहिल्या फोटोपासून हळूहळू उतरत जातो. निकेलचा सेल १.२ व्होल्टचाच, म्हणून लोकांना तो कमजोर वाटतो. पण तो १.२ वर जवळजवळ शेवटपर्यंत टिच्चून उभा राहतो आणि त्याची तोटी मोठी. एकाच कॅमेऱ्यात अल्कलाइनवर जेवढे फोटो निघतात त्याच्या तीन-चार पट निकेलवर निघायचे, हे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांमध्येच छापलेलं असायचं. पण माहितीपुस्तिका वाचतो कोण? आम्ही लोक ती लिहितो तरी कुठे धड.

आणि हे फोटोंचे आकडेही कसे काढतात माहीत आहे का? जपानच्या कॅमेरा उत्पादकांची सीपा नावाची संघटना आहे, तिची ठरलेली रीत आहे. २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांनी एक फोटो, एक सोडून एक फ्लॅश, दर वेळी झूम हलवायचा, दहा फोटो झाले की बंद करायचा. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करायला हे उत्तम. पण मे महिन्यातलं कोंढ्याचं लग्न २३ अंशांत होत नाही, आणि मधल्या वेळात सगळा गाव पडद्यावर फोटो बघत असतो. "दाखव गा, माहा कसा आला?" यात जितकी बॅटरी जाते तितकी फोटो काढण्यात जात नाही.

आता माझं मत. इतकी वर्षं घासूनपुसून झालेलं, त्यामुळे ठासून सांगतो.

वस्तू विकत घेताना एक कसोटी लावायची. मी तिला मनात 'कोंढा कसोटी' म्हणतो. हे यंत्र कोंढ्याच्या बसस्टँडवर बंद पडलं, तर तिथंच चालू करता येईल का? आज आणि अजून पंधरा वर्षांनीसुद्धा?

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, त्या दिवशी तुझा पेन्सिल सेलवाला कॅमेरा याच कसोटीत नापास झाला की! एका अर्थी हो. पण बघा, बसस्टँडवर नऊ फोटो तरी मिळाले. त्या ठिकाणी अल्कलाइन असते तर पन्नास मिळाले असते आणि पहिलाच आबाजींचा काढला असता. कंपनीची खास बॅटरी असती तर शून्य मिळाले असते. आणि आज? आज एक कॅमेरा चालू आहे, दुसरा पेपरवेट आहे.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे सांगायला नको खरं तर. एखाद्या कंपनीच्या बंद फॉरमॅटमध्ये डेटा ठेवला आणि ती कंपनी झोपली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. पेन्सिल सेल हा ओपन स्टँडर्ड आहे. हा आकार अमेरिकेत १९०७ च्या सुमाराचा, १९४७ साली त्याचं प्रमाणीकरण झालं. आतलं रसायन तीनदा-चारदा बदललं, झिंक-कार्बन, अल्कलाइन, निकेल, लिथियम, पण बाहेरचा इंटरफेस तोच! शंभराहून जास्त वर्षांची बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आपल्याकडे तीन वर्षांपूर्वीचा कोड चालत नाही.

लिथियमवर माझा राग आहे असं समजू नका. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली आणि जग बदललं. त्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं, ते योग्यच. त्याच वजनात जास्त ऊर्जा, गळती नगण्य. माझा मित्र पक्षी टिपतो, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरपासून भिगवणपर्यंत हिंडतो. त्याच्या एसएलआरची एक बॅटरी त्याला दिवसभर पुरते, त्याने पेन्सिल सेल का वापरावेत? कॅननने २००८ साली फाइव्ह डी मार्क टू सोबत एलपी-ई६ ही बॅटरी आणली, आणि त्याच आकाराच्या सुधारलेल्या बॅटऱ्या कंपनी त्यानंतर दीड दशक उलटूनही नव्या कॅमेऱ्यांना देत राहिली. खास बॅटरी घ्यायचीच तर अशी घ्या, जिच्यावर बरेच कॅमेरे आणि बरीच वर्षं अवलंबून आहेत. राग आहे तो दर मॉडेलला नवी बॅटरी काढणाऱ्या वृत्तीवर. माझ्या चकचकीत कॅमेऱ्याची बॅटरी दुसऱ्या कशातच बसत नव्हती, त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलमध्येसुद्धा नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक छोटं गणित शिकून घ्या, आयुष्यभर पुरेल. एमएएचची तुलना नुसती करू नका, व्होल्टने गुणा. पेन्सिल सेल २००० एमएएच, १.२ व्होल्ट, म्हणजे २.४ वॉट-तास. दोन सेलचे ४.८. चकचकीत कॅमेऱ्याची बॅटरी ७६० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे २.८ च्या आसपास. जाड्या कॅमेऱ्याच्या पोटात जवळपास पावणेदोन पट शिधा होता! हेच पॉवर बँकेलाही. १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशोबाने. बाहेर पाच व्होल्टने देताना मधला तोटा धरून सहा-साडेसहा हजारच येतात. डब्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, ती वाचा. हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात, त्यावर ठळक आकडा असतो ३००० एमडब्ल्यूएच. वाटतं केवढे मोठे! ते होतात तीन वॉट-तास, म्हणजे २५०० एमएएचच्या निकेल सेलइतकेच.

आणि निकेलच्या पेन्सिल सेलवर ३५००, ४००० असे आकडे दिसले तर हात जोडून पुढे जा. या आकारात २७००-२८०० च्या वर कोणाला फारसं जाता आलेलं नाही. खात्री करायची तर तराजू घ्या. चांगला निकेलचा सेल २६ ते ३१ ग्रॅमचा असतो, साधा अल्कलाइन २३ च्या आसपास. 'चार हजारवाला' सेल सोनाराच्या काट्यावर अठरा ग्रॅम भरला तर समजा की आत हवा आहे. मी हे खरोखर केलंय. सोनार हसला, पण त्याने वजन करून दिलं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी पटापट सांगतो.

सेल चार घ्या, आणि चारांवर पेनने अ-अ, ब-ब लिहा. जोडी मोडायची नाही. एक ताजा आणि एक दमलेला सेल एकत्र घातला की दमलेला उलटा चार्ज होऊन मरतो. लग्नाच्या जोडीत खपेल, सेलच्या खपत नाही.

सेलपेक्षा चार्जरवर पैसे घाला. जो दर सेलला वेगळा तपासून थांबतो तो घ्यायचा. रात्रभर आंधळेपणाने तापवत ठेवणारा स्वस्त चार्जर चांगले सेल वर्षभरात म्हातारे करतो. आणि 'पूर्ण संपवूनच चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. आता विसरा. लिथियमच्या बाबतीत तर तो उलटा पडतो.

लिथियमला उन्हाळा मारतो, आणि पोट भरलेल्या लिथियमला जास्त मारतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी चाळीस अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची जवळपास पस्तीस टक्के क्षमता कायमची जाते, चाळीस टक्के चार्ज करून ठेवलेलीची पंधराच. माझी चकचकीत बॅटरी माळ्यावर, पत्र्याखाली, पूर्ण चार्ज करून ठेवलेली होती. म्हणजे तिचा खून मीच केला. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

थंडीत उलटं. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं पवनी गेट आमच्या गावापासून लांब नाही. डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत सेल आखडतात, अल्कलाइन तर फारच. दुसरी जोडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. वाघ काही तुमचे सेल गरम होईपर्यंत थांबत नाही.

१४५०० नावाचे लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखे, पण ३.७ व्होल्टचे. ते कॅमेऱ्यात घातले तर कॅमेरा गेला.

आणि वस्तू ठेवून द्यायची असेल तर सेल काढून ठेवा. माझ्या जाड्या कॅमेऱ्याचे सेल मी २०१० च्या सुमारास दुसऱ्या कशाला तरी हवे म्हणून काढले होते. चुकून. आत राहिले असते तर फुटून सगळं गंजलं असतं आणि हा लेखही झाला नसता.

"पण आता कॅमेरा घेतो कोण?" खरं आहे. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. सगळं फोनमध्ये गेलं. पण फोनमध्ये तोच प्रश्न अजून अवघड झाला की! पूर्वी फोनचं मागचं झाकण नखाने उघडायचं. आता ते चिकटवलेलं असतं. बॅटरी दमली की लोक फोनच बदलतात, चांगला चाललेला फोन. युरोपात नियम झालाय, २०२७ च्या फेब्रुवारीपासून अशा उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. तोवर घेताना विचारायला काय हरकत आहे? मेगापिक्सेल किती हे दहा जण विचारतात. बॅटरी बदलता येते का, कितीला, किती वर्षं मिळेल, हे कोणी विचारत नाही. दुकानदाराला उत्तर माहीत नसतं, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

शेवटचं, आणि हे तंत्रज्ञानाबद्दल नाही.

त्या दिवशी माझ्याकडे शंभरावर फोटो निघाले होते. त्यात वरातीतल्या बैलजोडीचे अकरा होते, मी स्वतःचे आरशात काढलेले चार होते. आबाजी सकाळपासून कोट घालून मांडवातच बसले होते. मी त्यांना 'नंतर काढू' या यादीत टाकलं होतं, कारण ते कुठे जाणार होते? सेल गळतात हे मला माहीत नव्हतं हे खरं. पण माहीत असतं तरी पहिला फोटो मी त्यांचाच काढला असता का, याची मला खात्री नाही.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कॅमेरा मी नागपूरला नेऊ?"

ने म्हटलं. चार सेल दिले, अ-अ ब-ब लिहिलेले, आणि चार्जर. जाताना एकच अट घातली, कोंढ्याला जाशील तेव्हा पहिला फोटो मोठेबाबांचा. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत.

काल संध्याकाळी तिचा फोटो आला. बाजेवर मोठेबाबा, ताठ, श्वास रोखून. फ्लॅशने चेहरा पांढराफटक पडलाय, मागची भिंत काळी. तिच्या भाषेत 'एकदम भारी'. भिंतीवर, कोपऱ्यात, आबाजींची ती ओळखपत्रावरची तसबीरही अर्धी आली आहे.

मी भंडाऱ्याच्या स्टुडिओत दोन प्रिंट सांगितल्या आहेत. एक कोंढ्याला, एक इकडे.